लालासाहेबांनी आवळलेली चाकं

रसूल बागवानाने लालासाहेब पिसाळांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं कोयनेचा धक्का आला. सातारा जिल्ह्यातल्या माणसाच्या पायाखालची जमीन हलली की त्याला दुसरं काही सुचतच नाही. पसरणी घाटाच्या पायथ्याशी एका टपरीवर रसूल बशीत चहा ओतून बसला होता. एकाएकी बशीत लाटा उठल्या. मग बाकडं हललं. बरणीतल्या खारीचा आपसूक चुरा झाला, वडावरचे कावळे तक्रार करत वाईच्या दिशेने गेले आणि तिकडे गणपती घाटावर कृष्णामाई एक पायरी वर चढून पुन्हा खाली उतरली. "गाडी! साबेरा! गाडी! साबेरा!" असं ओरडत रसूल रस्त्यावर आला. साबेरा म्हणजे त्याची बायको. ती तेव्हा पाचगणीत घरी भाकऱ्या करत होती, पण हाकांमध्ये गाडीचं नाव आधी आलं की तिचं, यावर त्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

रस्त्यापलीकडे एक जीप उभी होती. तिच्या मागच्या चाकाला पाना लावला होता, पान्याच्या दांड्यावर पुरुषभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला होता आणि त्या पाइपाच्या टोकावर बनियन घातलेला एक डोंगर उड्या मारत होता. प्रत्येक उडीसरशी जीप सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी खाली वाकत होती.

"आवं, काय चाललंय काय?" रसूलने लांबूनच विचारलं.

"चाक आवळतोय," डोंगर म्हणाला. "तुमच्या गाडीचं बी आवळू का?"

ही हकीकत रसूल आजही सांगतो आणि दर खेपेला धक्का थोडा वाढतो. अलीकडच्या आवृत्तीत धोम धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात.

लालासाहेब एके काळचे पैलवान. वाईपासून पार सांगलीपर्यंतच्या यात्रांमध्ये त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या. कान मोडून भज्यासारखे झालेले, मान खांद्यात विरघळून गेलेली. पुढे गुडघ्याने दगा दिला, कुस्ती सुटली. पण अंगातली ताकद काही पेन्शनीत निघत नाही. ती कुठेतरी लावायला हवी म्हणून त्यांनी घाटाच्या तोंडाशी टायर-पंक्चरचं दुकान टाकलं, आणि जी रग पूर्वी माणसांवर निघत होती ती चाकांच्या नटांवर निघू लागली. दुकानावर पाटी होती: 'पिसाळ टायर्स. एकदा आवळलं की आवळलं.'

त्यांची पद्धत साऱ्या तालुक्याला तोंडपाठ होती. आधी बोल्टांना इंजिन ऑइल पाजायचं, कारण खुराकाशिवाय ताकद येत नाही. मग पहिल्या नटाला धरायचं आणि त्याचा पुरता निकाल लावूनच शेजारच्या नटाकडे जायचं, कारण एका वेळी एकाशीच कुस्ती हा आखाड्याचा नियम. शेवटी पाइप लावायचा, "जय बजरंग" म्हणायचं आणि वर चढायचं. खाली उतरले की हात झटकून एकच वाक्य: "आता ह्याला उघडून दाखवा."

घाटात एका बाजूला दरी असते. त्यामुळे पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे जीपवाले, टॅक्सीवाले, शाळांच्या व्हॅनवाले लालासाहेबांकडून चाकं आवळून घेतल्याशिवाय वर चढत नसत. कुणी गाडीत मारुतीचा फोटो लावतं, कुणी सातशे शहाऐंशी लिहून घेतं. लालासाहेबांचा नट मात्र सगळ्यांना चालायचा. गावच्या यात्रेत तर कुस्त्या झाल्या की एक खास कार्यक्रम असे. लालासाहेब आखाड्याच्या कडेला एका जीपचं चाक आवळून ठेवायचे आणि हलगीच्या तालावर गावोगावचे पैलवान ते उघडायला पुढे यायचे. उघडेल त्याला फेटा, पण तो कुणालाच मिळाला नाही. एका वर्षी पृथ्वीराज नावाच्या दांडग्या पोराने एवढा जोर लावला की पानाच वाकला. त्या वाकलेल्या पान्याला लोकांनी हार घातला, गुलाल उधळला आणि वाजतगाजत दुकानात नेऊन खिळ्याला टांगलं.

या सगळ्याचा अभिमान लालासाहेबांना होता त्याहून रसूलला जास्त होता. धक्क्याच्या त्या दिवसापासून दोघांची मैत्री जमली ती जमलीच. रसूल पाचगणीच्या मळ्यांतली स्ट्रॉबेरी पिकअपमध्ये भरून सांगलीला न्यायचा. स्ट्रॉबेरी हे जावयासारखं फळ. जरा धक्का लागला की तोंड पाडतं, जरा उशीर झाला की बिघडतं. पण रसूल निर्धास्त असायचा. वाटेत चहाला थांबला की परक्या ड्रायव्हरला चाकाजवळ नेऊन म्हणायचा, "हात लावून बघा. लालासाहेबांचं हाय." एखाद्याने घरातला ठेवणीतला शालू दाखवावा तसा तो नट दाखवायचा.

मग एका थंडीतल्या सकाळी, पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळल्यावर, आष्ट्याच्या अलीकडे त्याचं मागचं चाक बसलं.

पंक्चर ही काही मोठी गोष्ट नव्हे. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. रसूलने पाना लावला आणि दाबला. नट हलला नाही. पान्यावर उभा राहिला. नट हलला नाही. उडी मारली, पाना निसटला आणि रसूल शेजारच्या उसात गेला.

उसाचे मालक उदयसिंह निवृत्त हवालदार होते. आपल्या फडात वरून माणूस पडलेला पाहून ते बाहेर आले. त्यांच्यामागून त्यांचा पुतण्या विश्वजीत आला. तो सांगलीच्या तालमीत जाणारा, दंड एवढे की शर्टाच्या बाह्यांनी कधीच राजीनामा दिलेला.

"सरा बाजूला," उदयसिंह म्हणाले. "फौजेत तोफा वढणाऱ्या ट्रकाची चाकं उघडलीत आमी."

त्यांनी पाना धरला, मिशा फुरफुरल्या, मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. मग त्यांनी शांतपणे पाना खाली ठेवला आणि विश्वजीतकडे पाहिलं. विश्वजीतने शड्डू ठोकला. नटाने तोही ऐकून घेतला.

"कुणी आवळलंय वं हे?" विश्वजीतने धापा टाकत विचारलं.

"वाईच्या लालासाहेब पैलवानानं!" रसूल म्हणाला, आणि स्वतःच्याही नकळत त्याची छाती पुढे आली.

"मग त्यास्नीच बोलवा की आता."

रसूलला हसावं की रडावं कळेना. रस्त्याने जाणारे थांबू लागले. एक ट्रॅक्टरवाला आला, एक दूधवाला आला, दोघे-तिघे हौशी आले. सांगली जिल्ह्याची जेवढी म्हणून ताकद त्या रस्त्याने चालली होती तेवढी त्या एका नटाला लागली आणि हात चोळत मागे सरली. दर माणसागणिक रसूलचा ऊर भरून येत होता. "लावा, लावा, आणखी जोर लावा," असं तो त्यांना उत्तेजन देत होता, आणि कुणाला जमलं नाही की खुशीत येऊन टाळी देत होता. तेवढ्यात त्याच्या चपलेवर काहीतरी टपकलं. लाल होतं. वर ऊन चढलं होतं आणि क्रेटमधली स्ट्रॉबेरी रडायला लागली होती. साताऱ्याची इज्जत राहिली होती. साताऱ्याचा माल चालला होता.

"आता संयोगितालाच बोलवतो," उदयसिंह म्हणाले. संयोगिता त्यांची भाची. कुपवाडला एका कारखान्यात पंपांचे बोल्ट आवळता आवळता ती या कामात एवढी मुरली की तिथेच तिने स्वतःचं चाकांचं दुकान टाकलं होतं. स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती आली. खाली वाकून तिने नटांकडे पाहिलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"मामा, हे नट आवळलेत का पुरलेत?"

"पैलवानांनी आवळलेत," रसूल ताठ होऊन म्हणाला.

"आणि वर तेल बी पाजलंय!"

"ते त्यांचं खास हाय. तेल पाजलं की नट आणखी आत जातो."

"जातोच की काका. जाऊ नये तेवढा जातो. बोल्टाचा जीव केवढा, आणि तुमी त्याला ताणताय किती!"

तिने लांब दांडा लावला. एका बाजूने विश्वजीत, एका बाजूने ट्रॅक्टरवाला, मध्ये उदयसिंह. तिघांनी रेटा दिला. धाडकन आवाज झाला, तिघंही एकमेकांच्या अंगावर कोसळले आणि नट एकदाचा बाहेर आला.

रसूल धावत पुढे आला. "उघडला?"

"उघडला कुठला? बोल्टच मोडला."

"म्हंजे पैलवान अजून हारला न्हाई!" रसूलच्या तोंडून निघून गेलं.

संयोगिताने मोडलेला बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला. मग कसाबसा निघालेला दुसरा बोल्ट उन्हात धरून दाखवला. त्याच्यावर केसाएवढी चीर होती. "हा बघा. हा मोडायच्या बेतात होता. इथं सपाटीला मोडला असता तर गाडी उसात गेली असती. तुमी तर रोज घाट उतरताय."

रसूलच्या डोळ्यांसमोर पसरणीचा घाट आला. त्या घाटात रोज वर-खाली करणाऱ्या जीपा आल्या, शाळांच्या व्हॅन आल्या. सगळ्यांच्या चाकांना पैलवानांनी तेल पाजलेलं होतं. त्याची फुगलेली छाती हवा काढल्यासारखी जागेवर आली.

संयोगिताने नवे बोल्ट घातले. नट आधी बोटांनीच फिरवत बसवले. मग एक आवळला की शेजारचा न घेता समोरचा घ्यायचा, पुन्हा त्याच्या समोरचा, असं चांदणी काढल्यासारखं ती करत गेली. "एका बाजूनं आवळत गेलं की चाक वाकडं बसतं," ती म्हणाली. "मग ब्रेक लावला की गाडी थरथरती. तुमची थरथरती का न्हाई?"

थरथरत होती. रसूलला इतकी वर्षं वाटत होतं, ती पैलवानाच्या धाकाने थरथरते.

जॅक उतरवून चाक जमिनीला टेकवल्यावर तिने पेटीतून एक लांब पाना काढला. त्याच्या दांड्यावर आकडे होते. तिने तो लावला आणि एका हाताने, केस सारखे करावेत इतक्या सहज दाबला. टक असा आवाज आला. ती थांबली.

"बस?" रसूल म्हणाला.

"बस. ह्या गाडीला जेवढा जोर लागतो तेवढा ह्या पान्यावर लावून ठेवायचा. तेवढा झाला की टक वाजतं. वाजलं की हात काढायचा."

"एवढंच? आमची बायकू लोणच्याची बरणी ह्याच्यापरीस जोरात लावती."

"मग ती बरणी उघडायला कोण येतं?"

बरणी उघडायला शेजारचे दोघे येत असत. रसूलने बाकीची तीन चाकंही तिच्याकडून तशीच आवळून घेतली.

"जरा लांब गेला की परत एकदा पाना लावून बघा," निघताना तिने बजावलं. "नवीन बसलेल्या नटाला वाटेत एकदा विचारायचं असतं, बरा हायस का म्हणून."

अर्धी स्ट्रॉबेरी सांगलीला मुरांब्याच्या भावाने गेली. परतीच्या वाटेवर रसूल जीव मुठीत धरून गाडी चालवत होता. पोरीच्या एका हाताने आवळलेली चाकं! कराडला थांबून त्याने पाना लावला. नट जागचे हलले नव्हते. साताऱ्याला पुन्हा लावला; तसेच. आणि नवल म्हणजे ब्रेक दाबला तरी गाडी थरथरत नव्हती. इतक्या वर्षांच्या सवयीमुळे रसूलच तेवढा थरथरत होता.

"मूं कायकू उतरा तुमारा?" घरी आल्या आल्या साबेराने विचारलं. त्याने सगळं सांगितलं आणि चीर पडलेला बोल्ट ताटाशेजारी ठेवला. साबेराने तो बोल्ट हातात घेतला, दिव्याकडे धरून पाहिला आणि मराठीत म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, "उद्याच्या उद्या जाऊन पैलवानास्नी सांगा."

"कसं सांगू? त्या माणसाकडं दुसरं हाय काय? कुस्ती गेली, गुडघा गेला. 'माझा नट कुणी उघडत न्हाई' एवढ्यावर तो माणूस उभा हाय. ते बी मीच काढून घिऊ?"

"आणि कुणाची गाडी घाटात गेली तर? मग तो कशावर उभा राहणार?"

रसूलने तरी दोन-चार दिवस वाईतून जाताना दुकानासमोर मान खाली घालून गाडी काढली. पण लालासाहेबांच्या नजरेतून चाक सुटणं शक्य नव्हतं. एक दिवस ते रस्त्यात आडवे उभे राहिले.

"रसूल्या, थांब. ह्या चाकाला कुणी हात लावला?"

"कुणी न्हाई, पैलवान."

लालासाहेबांनी पाना लावला, सवयीने ते पाइप शोधायला वळणार, तेवढ्यात नुसता हात टेकला तर नट सुटला. ते आधी हसले. "हे काय रं? नट हाय का लुगड्याची निरी?" मग हसू थांबलं. "खरं सांग गड्या. कुणी उघडलं माझं चाक?"

रसूलने खिशातून बोल्ट काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सांगलीची माणसं कशी हरली, हे त्याने जरा रंगवूनच सांगितलं, तेवढीच फुंकर. पण लालासाहेब ऐकत नव्हते. ते त्या केसाएवढ्या चिरेवरून अंगठ्याचं नख फिरवत होते. मग बोल्ट मुठीत धरून ते दुकानामागच्या घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दुकान उघडलं नाही. रसूल रोज थांबे. लालासाहेब रोज बाहेर येत नसत. शेवटी त्यांच्या बायकोनेच, बनुबाईंनी, त्याला ओट्यावर गाठलं.

"भावजी, लय वंगाळ झालंय. जेवत्यात, पण दुसऱ्यांदा मागत न्हाईत."

ज्या माणसाने यात्रेत एका बैठकीला पातेलंभर मटण संपवलं, तो दुसऱ्यांदा मागत नाही! रसूलला वाटलं, आपण बोल्ट नाही, माणूस मोडला. त्याने तिथूनच संयोगिताला फोन लावला. "पोरी, तुझ्यामुळं आमचा पैलवान आडवा पडलाय. आता तूच येऊन उठव."

संयोगिता ढोल्या गणपतीच्या दर्शनाचं निमित्त काढून वाईला आली. दर्शन तिने घेतलं, पण पेटी स्कूटरवरच ठेवली. तोवर रसूलने घाटातले सगळे जीपवाले, टॅक्सीवाले दुकानासमोर जमवले होते. गर्दी म्हटली की पैलवान बाहेर येणार, एवढं गणित त्याला येत होतं. आणि खरंच, गलका ऐकून दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण बनियन धुतलेलं.

"हीच का ती सांगलीची पोरगी?" लालासाहेब म्हणाले. "आण तुझा तो पाना. बघू तरी."

रसूलच्याच गाडीचं चाक घेतलं. संयोगिताने नट सैल केले, पान्यावर आकडा लावला आणि पाना त्यांच्या हातात दिला. "टक वाजलं की थांबायचं, बाबा."

लालासाहेबांनी "जय बजरंग" म्हणून दाबला. टक वाजलं. हात थांबला नाही. तो पुढे गेला, आणखी पुढे गेला.

"बाबा, वाजलं!"

"वाजलं व्हय? मला कुठं ऐकाय आलं?"

लोक हसले. पुन्हा नट सैल केला, पुन्हा दाबला. टक वाजलं आणि पुन्हा हात पुढे. तिसऱ्यांदा तेच. साऱ्या आयुष्यात या हाताला कुणी 'थांब' म्हटलं नव्हतं. तो एका दिवसात कसा ऐकणार? एक टॅक्सीवाला ओरडला, "पैलवान, जाऊ द्या! आपला पाइपच बरा!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. लालासाहेबांनी पाना खाली ठेवला आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या पाइपाकडे गेली. रसूलला ती नजर कळली. एकदा पाइप हातात गेला की मग घाटातल्या सगळ्या गाड्या त्याच जुन्या चाकांवर फिरणार, आणि आता तर टाळ्यांच्या गजरात फिरणार.

"पैलवान," तो पुढे होऊन म्हणाला, "मला एक सांगा. तुमी गड्याला पाडला. चारी मुंड्या चीत केला. पंचानं शिट्टी मारली. मग?"

"मग काय? कुस्ती झाली."

"आणि शिट्टी झाल्यावर बी एखादा खाली पडलेल्याच्या छाताडावर दाबतच बसला तर?"

लालासाहेबांचा आवाज चढला. "त्याला काय पैलवान म्हणत्यात व्हय? शिट्टीनंतर जोर लावणारा भेकड! असल्याला आमच्या वस्तादानं आखाड्यातनं कान धरून भाईर काढला असता."

"मग ती टक म्हंजे काय हाय, पैलवान?"

लालासाहेब पान्याकडे बघत राहिले, मग चाकाकडे, मग हातातल्या चीर पडलेल्या बोल्टाकडे. तो इतके दिवस त्यांच्या खिशातच होता. ओट्यावरून बनुबाईंचा आवाज आला, "इतकी वर्सं तुमी पडलेल्यालाच दाबत आलायसा की वं!"

"गप गं," लालासाहेब म्हणाले. पण आवाजात राग नव्हता.

त्यांनी पाना उचलला. या वेळी त्यांनी डोळे मिटले. समोरचा गडी कुठवर टिकेल, कधी त्याचा जोर सरेल, हे अंगाला अंग लागल्यावर ओळखणारे ते हात. पाना हळू, फार हळू फिरला. टक वाजलं आणि हात जागच्या जागी थांबला. भिंतीवरची पाल थांबावी तसा. त्यांनी समोरचा नट घेतला. टक, आणि हात थांबला. पुन्हा समोरचा. शेवटच्या नटाला तर रसूलने शपथेवर सांगावं असं झालं: हात आधी सावध झाला आणि टक मागून वाजलं.

"बाबा," संयोगिता म्हणाली, "मला हे शिकायला एक हंगाम लागला होता."

"तुला वस्ताद नव्हता," लालासाहेब म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी जेवताना तीन वेळा मागून घेतलं.

आता हा माणूस नुसता सुधारला असता तर गोष्ट साधी होती. पण लालासाहेब काहीच बेताने करत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घाटाच्या तोंडाशी रस्ता अडवला. "थांब! तुझी चाकं उघडायचीत." लोक म्हणायचे, "पैलवान, मागल्या म्हैन्यातच तुमी आवळलीत." ते म्हणायचे, "म्हणून तर!" आयुष्यभर आवळलेलं सगळं त्यांनी उलगडायला घेतलं, आणि रसूलच्या अभिमानाला पुन्हा पालवी फुटली. कारण ते नट उघडायला साऱ्या तालुक्यात माणूस एकच होता. "बघा," तो लोकांना सांगे, "त्यांचं आवळलेलं उघडायला बी तेच लागत्यात!" जिथे चीर दिसली तिथे बोल्ट बदलला. शाळांच्या व्हॅन सगळ्यात आधी घेतल्या. एका लग्नाच्या वरातीत त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी वाटेत थांबवली आणि मुहूर्त टळेल म्हणून भटजी ओरडत असताना फुलांच्या माळा बाजूला सारून चारही चाकं तपासली. नवरदेव खाली उतरून पाना धरायला उभा होता. पाइप त्यांनी परसात पुरला आणि त्यावर कारल्याचा वेल सोडला. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या पाटावर नवा टक वाजणारा पाना सगळ्यात मधे होता. गदा बाजूला सरकून बसली होती.

यात्रेतला कार्यक्रमही बदलला. आता हलगी थांबवायची, सगळ्यांनी श्वास रोखायचा, आणि नुसत्या हाताच्या अंदाजाने जो बरोबर टकेच्या ठिकाणी थांबेल त्याला फेटा. दांडगा पृथ्वीराज दरवर्षी पुढे जातो आणि हरतो. पहिल्या वर्षीचा, कुणालाच न मिळालेला फेटा कुपवाडला संयोगिताच्या दुकानात आहे. तो लालासाहेबांनी स्वतः नेऊन तिच्या डोक्यावर बांधला, आणि सांगलीच्या माणसाला आपण फेटा बांधला हे वाईत कुणाला सांगू नको, असं रसूलला बजावलं. रसूलने ते कुणालाही सांगितलेलं नाही, फक्त सगळ्यांना सांगितलं आहे.

मग एका दुपारी रसूलची मुलगी नूरीन, जी पाचगणीच्या एका शाळेत शिकवते, आपल्या जुन्या छोट्या गाडीतून घाट उतरत होती. मधल्या वळणावर चाक बसलं. पूर्वी असं झालं असतं तर ती दरीकडे बघत बापाची वाट बघत बसली असती, आणि बापाने येताना पैलवानाला आणलं असतं. नूरीनने चाकांपुढे दगड लावले, पाना लावला, ओढणी कमरेला खोचली आणि दाबला. नट सुटला. एकामागून एक सगळे सुटले. स्टेपनी बसवून, समोरासमोरचे नट आवळून ती खाली आली आणि थेट पिसाळ टायर्सपुढे थांबली.

"चाचा, जरा टक करून द्या. माझा नुसता हाताचा अंदाज हाय."

लालासाहेबांनी पाना लावला. मग ते उठले, रस्त्यावर आले आणि जाणारी प्रत्येक गाडी थांबवून सांगू लागले, "माझं आवळलेलं चाक! ह्या पोरीनं! एकटीनं! घाटात!" रसूल तिथे पोचला तेव्हा त्याला आधी काही कळेना. घाबरून त्याने विचारलं, "काय झालं, पैलवान?"

"रसूल्या, गड्या," लालासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या मोडक्या कानांपर्यंत हसू पोचलं होतं, "माझा नट उघडला रं! तुझ्या पोरीनं उघडला!"

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. परत वर शाळेत पोचेपर्यंत नूरीनचा तास चुकला, पण तिने त्या दोघांना पेढे आणून दिले.

आता वाई तालुक्यातली बहुतेक माणसं आपलं चाक वाटेत आपणच बदलतात. पिसाळ टायर्सचा अर्धा गाळा गेल्या पाडव्यापासून भाड्याने गेला आहे. तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.